रोड बाईकला (म्हणजे रस्त्यावर वेगात चालवायच्या सायकलला) हलके ब्रेक बसवले, आता लीव्हर हँडलबारला टेकतो आणि मागचा ब्रेक एका बाजूने घासतो. काय चुकलं असेल?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन तक्रारी आहेत. लीव्हर पार हँडलबारला टेकेपर्यंत येतो, मागचा पॅड डावीकडे रिमला घासत राहतो आणि पुढचा ब्रेक दाबला की किंचाळतो. शेवटी तुम्ही विचारलंय की परत जुनेच लावू का. थांबा, एवढ्यात नका लावू. मी पण असे हलके कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) स्वतः बसवलेत, पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्याच चुका करून झाल्यात, त्यामुळे तुमचं वर्णन वाचून हसूच आलं (तुमच्यावर नाही, स्वतःवर).

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. साध्या चांगल्या ब्रेकची जोडी साधारण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, तुमची दोनशेच्या आत आहे म्हणताय. मग हे दीडशे ग्रॅम गेले कुठे? थोडे कॅलिपरचे आर्म (दोन हात) कोरून गेले, थोडे टायटॅनियमच्या बोल्टमुळे गेले, पण बऱ्याच हलक्या मॉडेलमध्ये बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण फिरवून कमीजास्त करायची चकती), क्विक रिलीजची कळ (चाक काढताना ब्रेक पटकन उघडते ती), सेंटरिंगचा (ब्रेक मध्यावर आणायचा) तो बारका स्क्रू, हेच काढून टाकलेलं असतं. म्हणजे जुन्या ब्रेकवर तुम्ही कसंही बसवून नंतर स्क्रू फिरवून जे निभावून नेत होता ते इथे चालत नाही, जे काय करायचं ते बसवतानाच बरोबर करायला लागतं. ब्रेक वाईट नाहीत, फक्त चूक पोटात घालत नाहीत.

सगळ्यात आधी लीव्हर आणि कॅलिपर एकमेकांना चालतात का ते बघा, कारण हे जुळत नसेल तर बाकी कितीही अ‍ॅडजस्ट करा, उपयोग शून्य. शिमानोने (सायकलचे सुटे भाग बनवणारी जपानी कंपनी) २००८-०९ च्या ड्युरा-एस ७९०० या संचापासून लीव्हर किती केबल ओढतो ते बदललं, नवा लीव्हर जास्त केबल ओढतो आणि त्याच्या जोडीचा कॅलिपर त्या हिशोबाने बनवलेला असतो. जुना लीव्हर आणि नवीन पद्धतीचा कॅलिपर अशी जोडी लावली तर ब्रेक लागतो जोरात पण लीव्हर लांब जातो आणि मऊ लागतो, तुमच्यासारखंच. उलटी जोडी लावली तर लीव्हर मस्त टणक लागतो, हाताला वाटतं वा काय ब्रेक आहे, आणि प्रत्यक्षात गाडी थांबत नाही. ही दुसरी जोडी जास्त धोक्याची. कॅलिपरच्या कागदावर कुठल्या लीव्हरसाठी आहे ते लिहिलेलं असतं, तो कागद खोक्यासोबत टाकला असेल तर कंपनीच्या साईटवर शोधा.

जुळत असेल तर हे करून बघा. बाईक उभी करा, लीव्हर हळूहळू दाबा आणि नजर पॅडवर ठेवा. पॅड रिमला टेकायलाच लीव्हरचा अर्ध्याहून जास्त प्रवास संपतोय? मग केबल ढिली आहे किंवा पॅड फार लांब उभे आहेत, सोपं काम. पण पॅड लवकर टेकले आणि त्यानंतरही लीव्हर आत जातच राहिला, तर काहीतरी दबतंय. कोणाला तरी लीव्हर दाबायला सांगा आणि तुम्ही आउटरच्या (केबलवरच्या नळीसारख्या आवरणाच्या) सगळ्या टोकांकडे बघा, लीव्हरपाशी, फ्रेमच्या स्टॉपपाशी (जिथे आउटर फ्रेमला अडकतं), कॅलिपरपाशी. दहापैकी आठ वेळा तिथेच आउटर हलताना, आत घुसताना दिसतं. लोक केबल ताणली म्हणतात, अहो स्टीलची वायर एवढी ताणत नाही, आउटरची टोकं वाकडी कापलेली असतात आणि ती हळूहळू दबून बसत जातात.

म्हणून आउटर नवीन घ्या आणि नीट कापा. साध्या पक्कडीने नाही, केबल कटरने. कापल्यावर टोक कानशीने सपाट घासा, आतली प्लास्टिकची नळी चेपलेली असते ती टोच्याने गोल उघडा, मग टोपी लावा. आणि ब्रेकला ब्रेकचंच आउटर, ५ मिमीवालं, ज्यात गोल गुंडाळलेली पट्टी असते. गिअरच्या साध्या आउटरमध्ये तारा सरळ लांबीने असतात, जोरात ब्रेक दाबला की ते फाटू शकतं आणि त्या क्षणी तुमच्याकडे ब्रेक नसतो. वजन वाचवायच्या नादात गिअरचं आउटर ब्रेकला लावलेलं मी डोळ्याने पाहिलंय, म्हणून सांगतोय.

आता केबल बांधायची. बॅरल अ‍ॅडजस्टर नसेल तर माझी पद्धत अशी: जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, साधारण दीड मिमीचे, दोन्ही बाजूंना रिम आणि पॅडच्या मध्ये घालायचे, कॅलिपर पट्ट्याने आवळून ठेवायचा, केबल हाताने ताणून बोल्ट कसायचा, मग पट्टा आणि पुठ्ठा काढायचा. मग लीव्हर पूर्ण जोर लावून दहा-पंधरा वेळा दाबायचा म्हणजे आउटर जागेवर बसतं, पुन्हा ढिलं झालेलं दिसेल, मग परत तेच सगळं. दोनदा तरी करावं लागतं, कंटाळा येतो, इलाज नाही. केबल बोल्टखालच्या खाचेतच बसली पाहिजे, बाहेर राहिली तर बारीक बोल्ट तिच्या तारा कापतो.

मागचा ब्रेक घासतोय त्याचं. कॅलिपरला हात लावायच्या आधी चाक सोडा, बाईक जमिनीवर सरळ उभी करून वजन टाकून चाक परत बसवा आणि मग बघा. मी एकदा अख्खी संध्याकाळ ब्रेक मध्यावर आणत बसलो होतो, आणि चाकच ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा आस बसतो त्या फ्रेमच्या खाचेत) तिरकं बसलं होतं! रिम आऊट आहे का (फिरताना डावी-उजवीकडे डुलते का) तेही फिरवून बघा, १ मिमी आऊट असलेलं चाक मोठ्या ब्रेकमध्ये खपून जातं, इथे नाही. चाक बरोबर असेल तर पुढचा संशयित परत आउटरच. हलक्या कॅलिपरची स्प्रिंग नाजूक असते, मागचं आउटर आखूड पडलं किंवा जास्त लांब राहिलं तर ते कॅलिपरलाच एका बाजूला ढकलून धरतं. केबल सोडून बघा, कॅलिपर आपोआप मध्ये आला तर दोष आउटरच्या वळणाचा. नाही आला तर मागचा ५ मिमीवाला नट (कॅलिपर फ्रेमला धरून ठेवणारा) थोडा ढिला करा, कॅलिपर हाताने किंवा पातळ पान्याने मध्यावर धरा आणि धरूनच कसा, कारण कसताना तो नेमका फिरतो. थोडा उलट्या बाजूला धरून कसला की शेवटी मध्यावर येतो, हे दोन-तीनदा केलं की हाताला कळतं.

आता या नटाबद्दल, कारण इथे चूक म्हणजे नुसतं घासणं किंवा किंचाळणं नाही. हा नट वेगवेगळ्या लांबीचा मिळतो, पुढच्या फोर्कला सहसा लांब लागतो, मागे आखूड. हलक्या ब्रेकचा बोल्ट कधीकधी आखूड असतो, त्यामुळे जुना नट लावला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो पण आत आटे दोन-तीनच पकडलेले असतात. मी पहिल्यांदा तसाच फिरलो, पुढच्या ब्रेकवर, महिनाभर, आणि उघडताना चार फेऱ्यांत नट हातात आला तेव्हा पोटात गोळा आला. निदान सहा पूर्ण फेरे पकडले पाहिजेत. साध्या स्टीलच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर टॉर्क असतो पण तुमच्या ब्रेकचा आकडा कमी असू शकतो, कागदावर असेल तोच धरा आणि टॉर्क रेंच वापरा, अंदाजपंचे नाही, त्यात कार्बन फोर्क असेल तर बिलकुल नाही. टायटॅनियमच्या आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावा नाहीतर ते जाम होतात. आणि कॅलिपर धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा रंगीत बोल्ट लावायचा मोह झाला तर आवरा.

किंचाळण्याचं तुलनेने सोपं आहे. पॅडचं पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा ते एक मिमी आधी रिमला टेकलं पाहिजे. पॅडच्या मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याची घडी घालायची, लीव्हर दाबून धरायचा, पॅडचा बोल्ट कसायचा. काही हलक्या कॅलिपरमध्ये पॅडला तिरकं करणारे गोल वॉशरच नसतात, मग पॅडच कानशीने थोडा तिरका घासावा लागतो. वरची कड टायरला लागता कामा नये, रिमच्या कडेच्या १ मिमी खाली ठेवा, टायरला लागली तर टायर फाडते. पॅड ज्यात बसतो त्या होल्डरचं बंद तोंड पुढच्या बाजूला, उघडं मागे, उलटं बसलं तर ब्रेक दाबल्यावर पॅड सरकून बाहेर पडू शकतो. रिम स्पिरिटने पुसा, नव्या चाकावर तेलकटपणा असतो. आणि चाकं कार्बनची असतील तर पॅड पण कार्बनचेच, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले पॅड कार्बनवर अजिबात नाही, त्यात धातूचे कण रुतलेले असतात ते रिम खरवडतात. तसं बघितलं तर थांबण्यात जो फरक पडतो तो कॅलिपरपेक्षा पॅडमुळे जास्त पडतो, हे कळायला मला बरेच पैसे लागले.

सगळं झालं की लगेच उतारावर जाऊ नका. उभ्या बाईकवर पूर्ण ताकदीने दोन्ही लीव्हर दाबा, पुढे-मागे ढकला, काही सरकतंय का बघा. मग मोकळ्या जागेत हळू, मग थोडं जोरात. पुढच्या ब्रेकची चाचणी नीट घ्या, खरं थांबणं त्याच्यावर आहे. ताशी ३६ किमीवरून कोरड्या सपाट रस्त्यावर पुढचा नीट चालला तर १० मीटरच्या आसपास थांबता येतं, नुसत्या मागच्यावर त्याच्या साधारण दुप्पट. नवे पॅड पहिल्या काही थांब्यांत जरा कमीच धरतात, ते घाबरण्यासारखं नाही. पहिल्या राईडनंतर सगळे बोल्ट परत टॉर्कवर तपासा.

तुम्ही विचारलं नाहीये पण सांगून ठेवतो, दीडशे ग्रॅम म्हणजे तुम्ही आणि बाईक मिळून ८० किलोच्या हिशोबात ०.२ टक्क्यांपेक्षा कमी. तासभराच्या चढावर फार तर सहा-सात सेकंद. मला हे माहीत असूनही मी लावलेत, कारण बघायला छान दिसतात, त्यामुळे उपदेश करायचा मला काही अधिकार नाही.

क्विक रिलीज नसेल तर पंक्चर काढून हवा भरलेलं २८ मिमीचं टायर पॅडमधून परत आत जात नाही, हे भर रस्त्यात कळण्यापेक्षा आधी घरी काढून-घालून बघा. नाही गेलं तर केबलच्या मध्ये बसणारा क्विक रिलीजवाला अ‍ॅडजस्टर मिळतो, काही ग्रॅम वाढतात, पण त्याच्यावरच केबलचा ताणही बारीक सेट करता येतो म्हणजे तुमची लीव्हरची अर्धी कटकट तिथेच संपते. दुकानात न्यायचंच असेल तर फक्त नटाच्या लांबीसाठी न्या, बाकी सगळं घरी जमण्यासारखं आहे. मागचं आउटर बदलल्यावर काय झालं ते खाली लिहा.