ऑनर्स घेतलं आणि बी आली तर?

"मॅडम, एक तर कम्युनिटी कॉलेज, त्यात आणखी ऑनर्स कशाला? सोपे विषय घेऊ दे, सगळीकडे ए आणू दे आणि दोन वर्षांत बाहेर पडू दे."

कॉलेजबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांकडून हे वाक्य मी वरचेवर ऐकते. या वेळी बोलत होते एका मुलाचे बाबा. (त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.) मुलाला बारावीनंतर हव्या त्या विद्यापीठात प्रवेश मिळाला नव्हता, म्हणून तो घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात गेला. तिथे दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात जाता येतं, त्यालाच ट्रान्सफर म्हणतात. पहिल्या सत्रात चांगले गुण पडले आणि त्याला तिथल्या ऑनर्स, म्हणजे जास्त खोलात शिकवणाऱ्या अवघड वर्गांच्या कार्यक्रमासाठी विचारणा झाली. तो खूश होता. घरी मात्र दोन आठवडे वाद चालू होता.

बाबांनी एक्सेलचा तक्ता करून आणला होता. एका रकान्यात सगळे ए, तो हिरवा. दुसऱ्यात ऑनर्सच्या दोन विषयांत बी, तो लाल. "ऑनर्सची बी म्हणून यूसीवाले जास्त गुण थोडेच देणार आहेत?" ते म्हणाले. (यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया.) खरं होतं ते. शाळेतल्या ऑनर्सला मिळतं तसं जास्तीचं वजन ट्रान्सफरच्या वेळी कॉलेजातल्या ऑनर्सला मिळत नाही. बी ही बीच मोजतात. पालकांची ही भीती मी कधीच उडवून लावत नाही.

मी फक्त लाल रकान्यातला शेवटचा आकडा मोठ्याने वाचायला सांगितला. ट्रान्सफरला लागणारी 60 युनिट्स (विषयांचं वजन मोजायचं माप), त्यांतले तीन-तीन युनिटांचे दोन विषय, दोन्हींत बी, बाकी सगळीकडे ए. ए चे चार आणि बी चे तीन गुण धरून सरासरी आली 4 पैकी 3.90. ते थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

मग मी त्यांना पुढची वाट समजावली. यूसीच्या सहा शाखा (डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ) कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना टॅग नावाची प्रवेशाची हमी देतात. पदवीचे काही मुख्य विषय त्यातून वगळलेले आहेत आणि अर्ज सहांपैकी एकाच शाखेसाठी करता येतो, तोही सप्टेंबरमध्ये. त्यासाठी लागणारी सरासरी 3.90 च्या बरीच खाली असते. यूसीची लॉस एंजेलिसची शाखा, यूसीएलए, या हमीत नाही, पण तिथे टॅप नावाची सोय आहे. टॅपमध्ये सहभागी असलेल्या कॉलेजात ऑनर्स पूर्ण केलं, तर लेटर्स अँड सायन्स या तिथल्या कला-विज्ञान विभागाच्या प्रवेशात अर्जाचा अग्रक्रमाने विचार होतो. हमी नाही, आणि इंजिनिअरिंगला ते लागूही नाही. याला अर्थशास्त्र करायचं होतं, म्हणजे याच्या ते कामाचं होतं. शिवाय सगळे विषय ऑनर्सचे घ्यायचे नसतात, ठरावीक काही घेतले की पुरतं.

सरसकट सगळ्यांना मी ऑनर्स घ्या म्हणत नाही. त्याच सत्रात आठवड्याला 20 तास नोकरी, फिजिक्स, कॅल्क्युलस आणि वर दोन ऑनर्स असं ओझं घेऊन एक मुलगी आली होती. तिला मी एक ऑनर्स मुदतीच्या आत सोडायला लावलं. झोप मोडून मिळवलेलं प्रमाणपत्र मला नको वाटतं. पण जो मुलगा वर्गात कंटाळतोय, ज्याला जास्त वाचायचंय, त्याला केवळ आकड्याच्या धाकाने सोप्या विषयांत बसवून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

आई तासभर गप्प होत्या. निघताना दाराशी म्हणाल्या, "ताई, वर्ध्याला घरी आम्ही अजून कॉलेजचं नावच सांगितलेलं नाही. युनिव्हर्सिटीत आहे एवढंच म्हटलंय." खरं घोडं इथे पेंड खात होतं. कॅलिफोर्नियाच्या रहिवासी विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे 46 डॉलर पडतात, 15 युनिटांच्या सत्राचे 690. पुढे पदवी मिळते ती यूसीचीच, सुरुवातीपासून तिथे शिकलेल्यांना मिळते तीच. हे त्यांना ठाऊक होतं. लाज मात्र हिशोबाने जात नाही. त्या दिवशी मी त्यांना काहीच सल्ला दिला नाही.

मुलाने ऑनर्सचा इतिहास घेतला. वर्गात बावीस मुलं. सत्रभर एकाच विषयावर काम करून मोठा निबंध लिहायचा. त्याने विषय निवडला गदर चळवळ, म्हणजे भारताच्या स्वातंत्र्यासाठी इथल्या भारतीयांनी उभारलेली चळवळ. सॅन फ्रान्सिस्कोत 1913 च्या नोव्हेंबरात 'गदर' पत्र सुरू झालं, ती जागा त्याच्या घरापासून गाडीने तासाभरावर. वाचता वाचता त्याला पांडुरंग खानखोजे सापडले. मूळचे वर्ध्याचे, गदरमधले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवणारे, मक्यावर संशोधन करणारे. त्यांच्यावरचं मराठी लिखाण याला झरझर वाचता येईना.

पहिला खर्डा इतिहासाच्या बाईंनी भरपूर खुणा करून परत दिला. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाशी एकच प्रश्न होता: हे तुला कशावरून कळलं? तो कागद त्याने मला दाखवला तेव्हा तो रडवेला नव्हता, पेटलेला होता. त्याने दोनदा नव्याने लिहिलं. विषयात शेवटी बी आली. बाबांनी तक्त्यात ती भरली आणि रंग पांढराच ठेवला. पुढच्या सत्रात त्याने दुसरा ऑनर्स विषय घेतला. त्याच बाई आता त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहिणार आहेत. यूसीला ते लागत नाही, पण दोन खासगी विद्यापीठांत त्याला अर्ज करायचाय आणि तिथे लागतं.

टॅगच्या अर्जासाठी परवा आई एकट्याच आल्या होत्या. खर्ड्याच्या दिवसांतली गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. इथले रात्रीचे नऊ, वर्ध्यात सकाळचे साडेनऊ. नातू फोनवर मराठी पानं अडखळत वाचतोय, आजोबा अर्थ सांगताहेत. आजोबा निवृत्त शिक्षक. मध्येच त्यांनी विचारलं, "हे शिकवतात ते कॉलेज कोणतं रे?" कणीक मळता मळता आईंचे हात थांबले. मुलाने नाव सांगितलं, दोन वर्षांचं आहे हेही सांगितलं.

"वर्गात मुलं किती?"

"बावीस."

"मग बरं आहे," आजोबा म्हणाले. "बाई सगळ्यांच्या वह्या नीट तपासत असतील. हं, वाच पुढे."