तुमचे प्रश्न : जुना लॅपटॉप, लिनक्स आणि क्यूआर पाठवणारा पाहुणा

प्रश्न : ताई, तारकर्लीला आमचं निवास न्याहारी आहे, दोनच खोल्या. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, विंडोज १० वाला. सपोर्ट संपला म्हणून सारखा मेसेज येतो. दुकानवाला म्हणतो नवीन घ्या, भाचा म्हणतो लिनक्स टाक मामा, फुकट आहे. माझं काम म्हणजे बुकिंगचे मेल, हिशोबाची एक्सेल आणि पाहुण्यांच्या आधारच्या कॉप्या. मला जमेल का?

उत्तर : दादा, जमेल, आणि भाचा बरोबर सांगतोय. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे लॅपटॉप बंद पडणार नाही, पण त्यानंतर सुरक्षेतली जी नवीन भोकं सापडतील ती बुजवली जात नाहीत, आणि तुमच्या लॅपटॉपवर लोकांची आधार कार्डं आहेत म्हणून मला जास्त काळजी वाटते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या मशीनवर ते बहुतेक बसत नाही.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यातलं तुम्ही मिंट घ्या, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. खाली मेनू, घड्याळ, सगळं विंडोजसारखंच दिसतं त्यामुळे हात लगेच बसतो, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फाईल तीन जीबीच्या आसपास आहे, तुमच्याकडे रेंज कशी असते ते मला माहितीय, तर मालवणात भाच्याच्या वायफायवर उतरवून घ्या. फक्त मिंटच्या स्वतःच्या साईटवरूनच, आणि तिथे दिलेला चेकसम, म्हणजे फाईल अस्सल आहे का ते ताडायचा लांबलचक आकडा, जुळवायला भाच्याला सांगा. त्याला कंटाळा येईल, तरी करायला लावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच साईट हॅक करून लोकांना चोरदरवाजा असलेल्या फाईलकडे वळवलं होतं. म्हणून चेकसमचा तो आकडा मिंटवाल्यांनी सही केलेल्या फाईलमधला असेल तर अजून चांगलं.

मग ती फाईल ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर अशी टाकायची की लॅपटॉप त्यावरूनच चालू होईल, नुसती कॉपी करून चालत नाही, रुफस किंवा एचर नावाचा प्रोग्राम लागतो. पेनड्राईव्ह लावून लॅपटॉप चालू केला की मिंट पेनड्राईव्हवरूनच उघडतं, आतल्या विंडोजला हात लागत नाही. इथे घाई करू नका. दोन दिवस तसंच वापरून बघा, वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर बोलतो का, तुमची एक्सेल लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं ऑफिस) नीट उघडते का. माझ्या मावशीच्या दापोलीच्या लॅपटॉपचं वायफायच दिसत नव्हतं, ती बिचारी म्हणाली राहू दे गो, मोडलंस वाटतं. शेवटी मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट दिलं, मिंटमधलं ड्रायव्हर मॅनेजर उघडलं, त्याने वायफाय चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, स्वतःच सुचवला, एक रीस्टार्ट आणि झालं.

सगळं पटलं तरच इन्स्टॉल करा, आणि त्याआधी फोटो, हिशोब सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती उघडून बघा, कारण पुढच्या एका क्लिकला जुनं सगळं पुसलं जातं. चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच बसा, पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. नाव-पासवर्ड विचारतो त्या स्क्रीनवर होम फोल्डर (तुमच्या फाईली असतात तो) एनक्रिप्ट करण्याची, म्हणजे कुलूपबंद करण्याची, खूण असते, ती करा म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी आधारच्या कॉप्या तशाच वाचता येणार नाहीत. त्याहून बरं म्हणजे पाहुण्यांकडे मास्क्ड आधार मागायचं, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि ज्या कॉप्यांची आता गरज नाही त्या काढून टाका दादा, त्या लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून दिल्यात.

प्रश्न : मी रत्नागिरीला कॉलेजला आहे. लिनक्सला व्हायरस लागत नाही म्हणतात, मग अँटीव्हायरस, अपडेट वगैरे कशाला?

उत्तर : लागत नाही असं नाही रे, कमी लागतो. घरातल्या कंप्युटरवर विंडोज जास्त म्हणून व्हायरस लिहिणारे तिकडे जास्त, आणि लिनक्समध्ये प्रोग्राम बहुतेक ठरलेल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून येतात, कुठूनही एक्सई उतरवली आणि डबल क्लिक केली असं होत नाही. वेगळा अँटीव्हायरस घरी नसला तरी चालेल, पण खाली ढालीचं चिन्ह येतं ते अपडेट त्याच दिवशी कर. आणि नेटवर कोणीतरी दिलेली सुडो (sudo) या शब्दाने सुरू होणारी ओळ न समजता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पेस्ट करू नकोस, पासवर्ड टाकलास की तू तिला अख्ख्या घराच्या किल्ल्या देतोस. टाइमशिफ्ट नावाचा मिंटमधला प्रोग्राम आधीच सेट करून ठेव, अपडेटने काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. तुझ्या फाईली मात्र त्यात धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा.

प्रश्न : गुहागरला आमच्या होमस्टेला फोन आला, मी आर्मीत आहे, चार खोल्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर आला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. मिस्टरांनी टाकला, पाच हजार गेले. लॅपटॉपवर लिनक्स असतं तर वाचलो असतो का?

उत्तर : नाही ताई, नसता वाचलात, हे मी स्पष्टच सांगते. हा डाव माणसावर आहे, मशीनवर नाही. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅनही लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार. सीझनला फोन एवढे असतात की हातातलं काम न सोडता माणूस हो हो म्हणतो, आणि नेमकं तेच त्यांना हवं असतं, त्यामुळे मिस्टरांना बोलू नका. असा पाहुणा आला तर तुमचा यूपीआय आयडी मेसेज करा आणि फोन ठेवा, खरा असेल तर पाठवेल. एपीके फाईल (मोबाईलवर ॲप टाकणारी) कोणीही पाठवली, लाईट बिल म्हणून, चलान म्हणून, लग्नपत्रिका म्हणून, उघडायची नाही.

आणि गेलेल्या पैशांसाठी हा अंक वाचून होईपर्यंतही थांबू नका, आत्ता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा, बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात अजून पडून असतील तर अडवता येतात. व्यवहाराचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), वेळ आणि त्या माणसाचा मोबाईल नंबर कागदावर लिहून समोर ठेवा, आणि व्हॉट्सॲपवरचं ते चॅट डिलीट करू नका.