दवाखान्यात नवीन लागलात? आधी बीपी नीट घ्यायला शिका

ईसीजी, ड्रेसिंग सावकाश येईल. सुरुवातीला बीपी आणि सुई एवढंच पक्कं करा.

बीपी चुकतं ते बहुतेक घाईमुळे. जिना चढून आलेल्या पेशंटला 5 मिनिटं टेकून बसू द्या. पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, गप्पा बंद. अर्ध्या तासात चहा-तंबाखू झाली का, लघवी लागलीय का, विचारा. पट्टा बाहीवरून नको, उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटाच वाढतो. 134/86 आलं तर तेच लिहा. 130/80 करून टाकायची खोड सर्रास दिसते.

- नाव पेशंटकडूनच वदवून घ्या. ‘तुम्ही सुनीताताई ना?’ म्हटलं की ऐकू न आलेलेही मान डोलावतात.
- वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. थेट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात.