वेतनकपातीच्या पहिल्या बैठकीपूर्वी

वाळूजच्या कारखान्यात आपण वाटाघाटी समितीवर नव्यानेच आला आहात आणि ‘पगार कमी करा, नाहीतर माणसे कमी करू’ हा प्रस्ताव समोर आहे. घाबरून लगेच सही करणे किंवा चिडून लगेच काम बंद पाडणे, या दोन्ही नवख्यांच्या चुका आहेत. व्यवस्थापनाला वेतन परस्पर बदलायचे असेल, तर कायद्याने २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. तेवढ्यात कंपनीचा ताळेबंद मिळवा. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे शुल्क भरून पाहता येतो. तोटा खरा दिसला, तर सवलत देण्यात कमीपणा नाही.

मात्र सवलत देताना एवढे सांभाळा:

- मूळ वेतन आणि महागाई भत्त्याला हात लावू देऊ नका, कारण भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मुख्यतः त्यांवर मोजली जाते.
- सवलतीची मुदत आणि त्या काळात कामगारकपात न करण्याची हमी लेखी घ्या.

करार शक्यतो कामगार उपायुक्त कार्यालयात, समेट अधिकाऱ्यासमोर करा. तो सर्व कामगारांवर बंधनकारक ठरतो. मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपाचे दाखले दोन्ही बाजू देतील, ती चर्चा तूर्त बाजूला ठेवा.