विसावा कामगार आणि कोरा धनादेश

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे सीएनसी (संगणकनियंत्रित मशीनवरच्या) जॉबवर्कचे वर्कशॉप आहे. हजेरीपटावर १७ माणसे आहेत आणि माल चढवण्या-उतरवण्यासाठी वर्षभरापासून ठेकेदाराचे तीन हमाल रोज येतात. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) नोंदणी आहे, पीएफची (भविष्यनिर्वाह निधी) नाही. गेल्या वर्षी दोन मुलांना मशीन शिकवले, आणि सहा महिन्यांत दोघेही शेजारच्या कारखान्यात गेले. आता चार ऑपरेटर आणि तपासणीच्या कामासाठी एक मुलगी घ्यायची आहे. मला असा सल्ला मिळाला आहे की, आयटीआयची मूळ प्रमाणपत्रे, सही केलेला कोरा धनादेश आणि दोन वर्षांचा दोन लाखांचा बाँड घ्यावा. पहिले सहा महिने ‘ट्रेनी’ म्हणून ईएसआय-पीएफशिवाय ठेवावे. आणि त्या मुलीचे नुकतेच लग्न झाले असल्याने दोन वर्षे मूल होऊ देणार नाही असे तिच्याकडून लिहून घ्यावे. तीन जुन्या कामगारांची मूळ प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेतच. यात पुढे अडचण येईल का?

उत्तर: शिकवलेला माणूस हातचा गेल्याने आपले नुकसान झाले हे खरे आहे आणि आपली काळजी रास्त आहे. मात्र आपल्याला मिळालेल्या सल्ल्यातला जवळपास प्रत्येक कागद आपल्याच विरुद्ध पुरावा ठरेल. शिवाय सर्वांत मोठी अडचण त्या सल्ल्यात आलेलीच नाही. ती आपल्या हजेरीपटात आहे.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा २० माणसांच्या आस्थापनेला लागू होतो आणि ही मोजणी करताना ठेकेदारामार्फत आपल्या कामावर येणारी माणसेही धरली जातात. सतरा आणि तीन मिळून वीस होतात, म्हणजे नवी भरती होण्यापूर्वीच, बहुधा हमाल येऊ लागले त्या दिवसापासून, आपण कायद्याच्या कक्षेत आला आहात. एकदा लागू झालेला कायदा पुढे संख्या घटली म्हणून सुटत नाही. मागील काळाची वर्गणी व्याज आणि नुकसानभरपाईसह भरावी लागते. त्यातला कामगाराचा हिस्साही सर्वसाधारणपणे मालकालाच सोसावा लागतो, कारण गेलेल्या महिन्यांची कपात आजच्या पगारातून करता येत नाही. म्हणून नियुक्त्या करण्याआधी जुने हजेरीपट आणि ठेकेदाराची बिले घेऊन सल्लागाराकडे जावे, वीस हा आकडा नेमका कोणत्या दिवशी गाठला ते ठरवावे आणि स्वतःहून नोंदणी करावी. विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या नोंदणीसाठीही वीस हीच मर्यादा आहे, तेव्हा तो परवानाही त्याच वेळी तपासून घ्यावा.

‘ट्रेनी’ हा शब्द नियुक्तीपत्रात लिहिल्याने माणूस शिकाऊ ठरत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर करार करून आणि त्याची नोंदणी करून घेतलेला उमेदवार वेगळा. तो मार्ग आपल्याला खुला आहे आणि आयटीआय झालेल्या मुलांसाठी सोयीचाही आहे. परंतु जो मुलगा पाळीत उभा राहून उत्पादन काढतो आणि त्याबद्दल पगार घेतो, तो पहिल्या दिवसापासून कामगार आहे. त्याचा ईएसआय क्रमांकही त्याच दिवसाचा हवा, कारण मशीनवर नवख्या माणसाचा हात सापडण्याची भीती सहाव्या महिन्यापेक्षा पहिल्या आठवड्यात अधिक असते. नोंदणी टाळलेली असताना अपघात झाला, तर ईएसआय महामंडळ त्याला दिलेल्या लाभाची वसुली आपल्याकडून करू शकते. मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आहे. एवढ्या रकमेसाठी कुणाच्या हाताची आणि आपल्या कारखान्याची जोखीम घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या मुलीकडून जे लिहून घ्यावे असे आपल्याला सांगण्यात आले आहे, ते लिहून घेऊ नका, आणि मुलाखतीत तसा प्रश्नही विचारू नका. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि मातृत्वाचा हक्क अशा लेखी हमीने संपत नाही. ती ईएसआयच्या वेतनमर्यादेत बसत असेल आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचा लाभ महामंडळ देते, मालक नव्हे. म्हणजे जी नोंदणी सहा महिने लांबवण्याचा सल्ला आपल्याला मिळाला, तीच आपल्याला या खर्चातून सोडवते. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. समिती नसेल तर ही मुलगी रुजू होण्यापूर्वी नेमावी.

आता बाँडविषयी. बाँड मुळातच बेकायदा असतो, असे नाही. विजया बँकेच्या प्रकरणात १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध मानली; पण भरती प्रक्रियेवर मोठा खर्च करावा लागणारी सार्वजनिक बँक आणि आपले वर्कशॉप यांत फरक आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार बाँडमधली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. मुलाला बाहेरच्या संस्थेत प्रशिक्षणाला पाठवून तीस हजार भरले असतील, तर त्याची पावती आपली बाजू सांभाळेल. शेजारच्या मशीनवर उभे राहून शिकला, एवढ्यावर दोन लाख मिळणार नाहीत. नोकरी सोडल्यावर शेजारच्या कारखान्यात जाऊ नये, ही अट कलम २७ मुळे निरर्थक ठरते. राजीनामा दिलेल्याचा पगार अडवून ठेवण्याचा विचारही नको, कारण नव्या वेतन संहितेप्रमाणे तो कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. माझा सल्ला असा की, बाँडऐवजी दोन्ही बाजूंना सारखी एक महिन्याची नोटीस ठेवावी, आणि वर्ष पूर्ण करणाऱ्यास ठरावीक जादा रक्कम देण्याचे नियुक्तीपत्रातच लिहावे.

नियुक्तीपत्र आता ऐच्छिक राहिलेले नाही; २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते बंधनकारक केले आहे. ते मराठीत, पहिल्याच दिवशी, दोन प्रतींत द्यावे. त्यात पद, रुजू होण्याची तारीख, वेतनाची फोड आणि परिवीक्षेचा काळ असावा. मूळ वेतन नाममात्र ठेवून उरलेले सारे भत्त्यांत दाखवण्याची पद्धत सोडावी; भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून वयाची खात्री करावी आणि अठरा वर्षे पूर्ण नसलेला मुलगा मशीनवर घेऊ नये. पूर्वी कुठे काम केले असेल तर त्याचा यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा) क्रमांक विचारून घ्यावा.

कोरा धनादेश घेऊ नये. धनादेश न वटल्याचा खटला टिकायला कायदेशीर देणे असावे लागते. रुजू होण्याच्या दिवशी तो मुलगा आपले काहीच देणे लागत नाही, आणि नंतर आकडा भरून तो बँकेत टाकला तर तक्रार आपल्याविरुद्ध होऊ शकते. प्रमाणपत्रे समोर पाहून पडताळावीत, छायाप्रत ठेवावी आणि मूळ प्रत तिथल्या तिथे परत द्यावी. ती त्यांची मालमत्ता आहे, आपल्याकडचे तारण नव्हे. आपल्याकडे असलेली तिघांची प्रमाणपत्रे याच आठवड्यात त्यांच्या हाती द्यावीत, आणि ‘मूळ प्रमाणपत्रे मिळाली’ अशी तारखेसह सही घेऊन ती पोच त्यांच्या फाइलमध्ये लावावी.