आई-वडिलांना घेऊन किर्गिझस्तानला जायचे असेल, तर सोन-कुलला मुक्काम करावा का?

तुम्ही लिहिले आहे, की आई-वडील साठीच्या पुढचे आणि शाकाहारी आहेत, हाताशी एक आठवडा आहे, आणि सोन-कुल तलावाकाठी युर्तमध्ये, म्हणजे मेंढपाळांच्या गोल तंबूत, राहण्यापेक्षा राजधानी बिश्केकच्या हॉटेलातच मुक्काम ठेवून रोज एकेक ठिकाण पाहून परत यावे, असा सल्ला तुम्हाला नातेवाइकांनी दिला आहे. हा सल्ला मानू नका. बिश्केकमधून आला-आर्चाची दरी आणि बुरानाचा मिनार पाहून संध्याकाळपर्यंत परतता येते हे खरे. पण ज्या देशातील मेंढपाळ कुटुंबे जून ते सप्टेंबर डोंगरावरच्या कुरणांत राहायला जातात, तो देश खाली शहरात बसून दिसणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला विशेष कारण आहे. मी फलटण तालुक्यातील धनगर कुटुंबातली. माझ्या आईचे लहानपण वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, गेले. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणात उतरायचे, खतासाठी लोकांच्या शेतांत मेंढ्या बसवायच्या आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा घाट चढून गावी यायचे, हा तिचा क्रम होता. आईला किर्गिझस्तानला न्यायचा बेत मी घरात सांगितला, तेव्हा माझा थोरला भाऊ म्हणाला, "मेंढ्या सोडून आपल्याला एक पिढी झाली. एवढे पैसे घालून आईला परदेशात जाऊन पुन्हा मेंढ्याच दाखवायच्या का? त्यापेक्षा तिला दुबई दाखव." आमच्या घरात हा वाद अजूनही निघतो, आणि माझे मत तसूभरही बदललेले नाही.

आम्ही कोचकोर गावातून गाडीने निघालो. वाटेतील काल्माक-आशू ही खिंड सुमारे ३,४५० मीटर उंचीवर आहे. ती ओलांडली की पलीकडे ३,०१६ मीटर उंचीवरचे सोन-कुल दिसते. काठावर एकही झाड नाही. नजर पोहोचेल तिथवर गवत, त्यात मेंढ्या आणि घोडे, आणि मध्येच युर्तांचे पांढरे ठिपके. झाडे नसल्याने चुलीत वाळलेले शेण जाळतात. गाडीतून उतरताच आईने तो धूर ओळखला, आणि घरात पाऊल टाकण्याआधी युर्तच्या मागे रचलेले ते शेणाचे ढीग पाहून आली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या युर्तमधील बायका नमदा, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेले जाड कापड, करायला बसल्या. कातरलेली लोकर लांब काठ्यांनी झोडून मोकळी केलेली होती. चिय नावाच्या उंच गवताच्या काड्यांची चटई अंथरून तिच्यावर लोकरीचे थर पसरले, वरून उकळते पाणी शिंपडले, चटईसकट सगळे घट्ट गुंडाळले आणि दोर बांधून तो गठ्ठा गवतावर बराच वेळ ओढला; मागून दोन मुले त्याच्यावर पाय देत चालत होती. आईने आयुष्यभर लोकर पिंजली आहे, सूत कातले आहे. तिने लोकरीचा पुंजका चिमटीत धरून ओढून पाहिला आणि मला म्हणाली, "आखूड आहे. याचे सूत निघायचे नाही." त्या घरातील शाळकरी मुलीला थोडे इंग्रजी येत होते, तिच्यामार्फत हे वाक्य तिच्या आजीपर्यंत पोहोचले. आजी उठली, आईचा हात धरून तिला गठ्ठ्याजवळ घेऊन गेली आणि सांगू लागली, की ही शरद ऋतूतील कातरणीची लोकर आहे, आखूड असल्यामुळेच ती एकमेकींत चांगली गुंतते आणि नमदा दाट होतो. आपल्याकडे घोंगडीसाठी सूत कातावे लागते, त्याला चिंचोक्यांची खळ द्यावी लागते आणि मग ते मागावर चढते. इथे माग नाही, सूत नाही, तरी थंडीवाऱ्याला दाद न देणारे कापड तयार होते, याचे आईला फार अप्रूप वाटले. मग आजीने शिरदाक, म्हणजे नमद्याची नक्षीदार सतरंजी, उलगडून दाखवला. दोन वेगळ्या रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकाच वेळी सुरीने कापतात, आणि एकातून निघालेला तुकडा दुसऱ्यात बसवतात. त्यामुळे एका कापणीतून उलटसुलट रंगांच्या दोन सतरंज्या होतात आणि लोकर वाया जात नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत केली.

हे चालू असताना एका प्रवासी गटाची बस येऊन थांबली. गटात मराठी माणसेही होती. त्यांतील एक गृहस्थ भोवताली पाहून मोठ्याने म्हणाले, "इथे मेंढपाळांशिवाय आहे काय? चला पुढे." ते आईसमोर बोलले, म्हणून मला जास्त लागले. किर्गिझांचा वीर मानास याचे आख्यान याच कुरणांवर वाढले. सायाकबाय कारालायेव या मानासचींकडून, म्हणजे ते आख्यान गाणाऱ्याकडून, टिपून घेतलेला त्याचा पाठ सुमारे पाच लाख ओळींचा आहे. बिरोबाची ओवी रात्रभर ऐकलेल्या आईला मानासची काय करतो हे समजवावे लागले नाही. मात्र किर्गिझ लोकांनी त्या आख्यानाच्या नायकाचे नाव राजधानीच्या विमानतळाला दिले आहे आणि युर्तच्या माथ्यावरचे लाकडी कडे राष्ट्रध्वजाच्या मधोमध ठेवले आहे. आमच्या ओव्या आणि आमचा वाडा मात्र आमच्याच घरात लपवायच्या गोष्टी झाल्या.

भावाचा मुद्दा शिक्षणाचा आहे, आणि तो पोकळ नाही. भटकंतीमुळे आमच्या आधीच्या पिढीची शाळा सुटली. पण तिथली व्यवस्था त्याने पाहावी असे मला वाटते. सोव्हिएत राजवटीने १९३० च्या दशकात या लोकांना सामूहिक शेतांवर जबरदस्तीने बसवले, आणि त्यात त्यांचे अतोनात हाल झाले. तरीही उन्हाळी कुरणांची प्रथा टिकली. आज बहुतेक कुटुंबांचे खाली गावात पक्के घर असते, शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि मुले सुट्टीत वर जातात. आमचे वाडे नेमके शाळा ऐन भरात असताना निघतात, आणि त्यासाठी कोणी सोय केली नाही. तेव्हा दोष मेंढ्यांचा नव्हता, हे मी त्याला अनेकदा सांगितले आहे.

आता तुमच्या जेवणाविषयी. माझी आई माळकरी आहे, त्यामुळे हा प्रश्न आम्हालाही होता. जेवण मांसाभोवतीच फिरते, म्हणून आरक्षण करतानाच सांगून ठेवावे लागते, आणि सूपसुद्धा मांसाच्या पाण्याचे नाही ना, हे विचारून घ्यावे लागते. ताजी रोटी, साय, जर्दाळूचा मुरंबा, काकडी-टोमॅटो आणि बटाटे मिळतात. बोरसोक म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, पण ते कशात तळले आहेत तेही विचारा. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी न्या. रोटी पालथी ठेवू नका, तो अन्नाचा अपमान समजतात. कुमिस, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध, पाहुण्याला आग्रहाने देतात. त्यात थोडे मद्य असते, म्हणून आईने वाटीला हात लावून कपाळाला लावला आणि ती परत केली. कोणालाही वाईट वाटले नाही.

आठवडा असेल तर क्रम असा ठेवा: बिश्केकहून निघून वाटेत बुराना पाहावे, आधी इसिक-कुल तलावाच्या काठी राहावे, मग कोचकोर, आणि त्यानंतर सोन-कुलला दोन रात्री. बुरानाचा मिनार अकराव्या शतकातील, काराखानी राजवटीच्या बालासागुन नगराचा आहे. तिथून जवळच आक-बेशीम येथे बौद्ध मंदिरांचे अवशेष सापडले आहेत. इसिक-कुलच्या पूर्वेचे काराकोल शहर गाठता आले तर डुंगान, म्हणजे मूळच्या चीनमधील, मुसलमानांची १९१० मध्ये पूर्ण झालेली, लोखंडी खिळ्यांशिवाय बांधलेली लाकडी मशीद चुकवू नका. दक्षिणेतील ओश शहर आणि तेथील सुलेमान पर्वत मोलाचा आहे, बाबराने आपल्या आठवणींत ओशविषयी लिहिलेही आहे. पण रस्त्याने तिकडे जाण्यात अख्खा दिवस जातो, त्यामुळे या खेपेला त्याचा मोह टाळा.

एवढे सांगितल्यावर सोन-कुलविषयी काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. जुलैतही रात्री पारा शून्याजवळ उतरू शकतो. शौचालय युर्तपासून दूर आणि साधे असते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्याला ते जड जाते. तीन हजार मीटरवर दम लागतो आणि झोप नीट येत नाही. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नका. डॉक्टरांनी नको म्हटले, तर इसिक-कुलच्या दक्षिण काठावर बोकोनबायेवोच्या आसपास युर्त मिळतात. तो काठ १,६०० मीटरच्या आसपास आहे, पाणी हिवाळ्यातही गोठत नाही, आणि तिथेही नमदा करणाऱ्या बायका आणि गरुड पाळणारे शिकारी भेटतात. आईची तब्येत तेवढी ठणठणीत नसती, तर मी तिला तिथेच नेले असते, दुबईला नव्हे.