चार हजार मिसळलेल्या पुंगळ्या: सवलत खरी किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही परवानाधारक क्रीडा नेमबाज आहात आणि .४५ एसीपी व ९ मिमी या दोन्ही पिस्तुलांची काडतुसं स्वतः भरता, म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळीत (काडतुसाच्या रिकाम्या कवचात) नवा प्रायमर, पावडर आणि गोळी बसवता. .४५ च्या ४,००० वापरलेल्या पुंगळ्यांचा ढीग तुम्हाला निवडलेल्या मालाच्या ६५ टक्के दरात मिळतो आहे, कारण त्यात मोठ्या आणि छोट्या प्रायमरच्या (तळाशी बसणाऱ्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) पुंगळ्या एकत्र आहेत. विकणाऱ्याच्या मते पाचात एक छोटी, म्हणजे छोट्या प्रायमरची. ढीग घ्यावा का, आणि घेतलाच तर छोट्या प्रायमरसाठी दुसरा प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) घ्यावा का, हे तुम्हाला ठरवायचं आहे. महिन्याला तुमच्या ३०० फैरी होतात आणि .४५ च्या १,००० पुंगळ्या घरात आहेत.

आधी सवलतीचा हिशोब करू, कारण ३५ टक्के हा आकडा फसवा आहे. निवडलेल्या मालाचा दर १०० धरला तर हा ढीग ६५ ला पडतो. पण तुम्ही फक्त मोठ्या प्रायमरच्या पुंगळ्या वापरणार असाल, तर ४,००० पैकी कामाच्या ३,२००. म्हणजे कामाच्या पुंगळीचा दर ८१ झाला. तडा गेलेल्या, चेपलेल्या, चुकून आलेल्या दुसऱ्या कॅलिबरच्या अशा आणखी ५ टक्के बाजूला काढाव्या लागल्या की तो ८७ च्या आसपास जातो. आणि पाचात एकऐवजी तिनात एक छोटी निघाली, तर सवलत संपली. वर निवडण्याचं काम तुमच्या गळ्यात.

म्हणून पैसे देण्याआधी शंभर पुंगळ्या मोजा. वरच्या थरातल्या नकोत, पोत्याच्या तळातून, मधून, कडेनं मूठ-मूठ काढा. शंभरात वीस छोट्या निघाल्या तर पूर्ण ढिगात बारा ते अठ्ठावीस टक्के असू शकतात, एवढी ढिलाई धरून चला. विकणाऱ्याला हे मोजणं नको असेल, तर तिथेच थांबा.

आता तुमच्या बाजूची गोष्ट. तुम्ही ९ मिमी भरता, म्हणजे छोटे पिस्तूल प्रायमर तुमच्याकडे असतातच. ज्याच्याकडे फक्त .४५ आहे, त्याला या ८०० पुंगळ्यांसाठी प्रायमरचा वेगळा साठा करावा लागला असता. तुम्हाला नाही. तुमच्यासाठी त्या पुंगळ्या कचरा नाहीत, आणि ५ टक्के खराब माल वगळूनही दर ६८-६९ वर राहतो. निर्णय खरा इथे फिरतो.

छोट्या प्रायमरचं हे .४५ मधलं प्रकरण तुलनेनं नवं आहे. हे काडतूस १९०५ चं, आणि पुढे अनेक दशकं मोठा प्रायमर हीच त्याची ओळख होती. शिसेविरहित प्रायमर आले तेव्हा काही उत्पादकांनी त्यात छोटा आकार वापरायला सुरुवात केली आणि नंतर तो साध्या काडतुसांतही आला. त्यामुळे नुसता तळावरचा शिक्का वाचून भागत नाही. फेडरल, ब्लेझर, स्पीअर यांच्या पुंगळ्या दोन्ही प्रकारच्या सापडतात. चाळणीही उपयोगाची नाही. ती ९ मिमी आणि .४५ वेगळे करते, पण इथे पुंगळीचं बाहेरचं माप अगदी तेच असतं. फरक फक्त तळाच्या, प्रायमर बसतो त्या खळग्यात: मोठा सुमारे ०.२१० इंच, छोटा ०.१७५ इंच. शंभर खाचांच्या ट्रेमध्ये पुंगळ्या तळ वर करून लावा आणि वरून उजेड धरा. जुना प्रायमर आत असतानाच छोटा चटकन उठून दिसतो. ताशी हजार हा वेग तुम्ही दोन-तीन बैठकांत गाठाल. म्हणजे एकूण चार तास. या तासांना मी तुमच्या पगाराचा दर लावणार नाही, कारण त्या संध्याकाळी तुम्ही कमाई सोडून बसणार नाही आहात. हातमोजे मात्र घाला, नंतर हात धुवा. वापरलेल्या पुंगळ्यांवर शिशाचे कण असतात.

एक खर्च मात्र असा आहे की तो हजार काडतुसांवर विभागून लहान करता येत नाही. निवडताना एक छोटी पुंगळी निसटली आणि प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (दांड्याच्या एका खेचीत अनेक टप्पे उरकणाऱ्या यंत्रावर) तिच्यात मोठा प्रायमर दाबला गेला, तर तो चेंगरतो आणि फुटूही शकतो. शेजारी प्रायमरची भरलेली नळी असते, हे विसरू नका. माझ्या स्वतःच्या हातून एकदा असं झालं आहे. दांडा जड लागला, मी थांबलो, म्हणून निभावलं. तेव्हापासून निवडलेला प्रत्येक ट्रे मी दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा पाहतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय प्रेसला हात लावू नका, आणि दांडा अडला तर जोर नको. उलट चूक, म्हणजे मोठ्या खळग्यात छोटा प्रायमर, धोक्यापेक्षा त्रासाची जास्त: प्रायमर गळून पडतो आणि पावडर शेल प्लेटवर (पुंगळ्या धरणाऱ्या चकतीवर) सांडते.

दुसऱ्या प्रेसला माझं उत्तर नाही असं आहे. ८०० पुंगळ्यांसाठी यंत्र घेतलंत, तर ढिगात वाचलेले पैसे त्यातच जातील आणि वर आणखी घालावे लागतील. छोट्या पुंगळ्या साठवून ठेवा आणि वर्षातून एक-दोनदा सलग बैठकीत भरा. हातानं चालणारी प्रायमिंगची अवजारं बहुतेक दोन्ही मापांसह येतात. त्यातलं एक घेतलंत तर प्रेसचे भागही बदलावे लागणार नाहीत. पुंगळीचा प्रकार बदलला की पावडरचं माप मात्र खालच्या टोकापासून पुन्हा तपासत वर न्या.

सगळंच .४५ छोट्या प्रायमरवर नेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. नेऊ नका. २०२० नंतर अमेरिकेत प्रायमरचा तुटवडा पडला, तेव्हा ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारच्या पुंगळ्या होत्या त्यांना मिळेल तो प्रायमर वापरता आला. तुमची ९ मिमी आधीच छोट्यावर अवलंबून आहे. सगळी अंडी त्याच टोपलीत कशाला?

राहिला प्रश्न किती घ्यायच्या, आणि इथे मी तुमच्याशी असहमत आहे. .४५ चा कमाल दाब २१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), ९ मिमीचा ३५,०००. कमी दाबामुळे .४५ ची पुंगळी दीर्घकाळ टिकते, बरेचदा फुटण्याआधी रेंजवर हरवते. एक पुंगळी फक्त दहा वेळा भरली तरी ४,००० मधून ४०,००० काडतुसं होतात. तुमच्या वेगानं ती अकरा वर्षं पुरतील, आणि घरातल्या हजार वेगळ्याच. एवढे पैसे पितळात कशाला अडकवायचे? प्रायमर, पावडर आणि गोळी प्रत्येक फैरीला नव्यानं लागतात. रोख रक्कम तिथे हवी.

मी असतो तर १,५०० मागितल्या असत्या, दर ७५ पर्यंत चढला तरी. विकणारा अडून बसला तर क्लबमधला जोडीदार शोधा, शक्यतो फक्त ९ मिमी भरणारा आणि आता .४५ सुरू करू पाहणारा. छोट्या पुंगळ्यांतला मोठा वाटा त्याला द्या. तुमच्या वाट्याच्या पुंगळ्यांवर मार्करनं खूण करा, नाहीतर रेंजवर वेचताना दोन महिन्यांत पुन्हा सरमिसळ होईल. नमुन्याच्या शंभरात छोट्या किती निघाल्या ते कळवा. तीसच्या वर असतील तर ७५ चा दर मी मान्य करणार नाही.